जोगणीच्या खडकावरची पंगत

औरंगपुऱ्यात गुणवंतांना तोटा नाही. निदान कमरोद्दीनच्या दुकानात तासभर बसलं की तसंच वाटायला लागतं. शाली, फेटे, काचेच्या ट्रॉफ्या, लाकडी ढाली, मखमली खोकी, सत्काराला लागणारं सगळं सामान तिथं मिळतं आणि मागणी बारा महिने असते. दहावी पास झालेला सत्काराला पात्र, नोकरीतून निवृत्त झालेला पात्र, ज्याचा वाढदिवस आहे तोही पात्र. आणि ज्यानं आयुष्यात काहीच केलेलं नाही त्याच्यासाठी 'समाजभूषण' आहेच.

कमरोद्दीनची खरी करामत मात्र मानपत्रात होती. शिक्षण उर्दू शाळेत झालेलं, पण मराठी अशी लिहायचा की सत्कारमूर्तीला स्वतःविषयी नव्यानं आदर वाटायचा. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "लिहा काहीतरी, थोर समाजसेवा वगैरे." त्यावर हा चष्मा कपाळावर चढवून विचारायचा, "कोणत्या गल्लीत नळ आणला? कोणत्या साली? मोघम लिहून काय उपेग? उद्या दुसराच उठून म्हणंल, नळ मी आणला." पैठणकडच्या एका मास्तरनं गावात वाचनालय काढलं होतं, त्याचा सत्कार करायचा राहून गेला आणि दहा वर्षांनी त्याच वाचनालयासाठी भलत्याच माणसाला फेटा बांधला गेला. तो फेटा कमरोद्दीननंच विकला होता. तेव्हापासून त्याचं मत पक्कं झालं होतं. काम केलं एवढ्यानं ते आपलं होत नाही. चार माणसांत, स्टेजवरून, जागा आणि वेळ सांगून ते वाचलं गेलं, की मगच त्याला मालक मिळतो.

दिव्याखाली अंधार म्हणतात तसं या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र एकही शाल कुणाच्या खांद्यावर पडलेली नव्हती. एकुलती लेक शाइस्ता. ती विद्यापीठातून प्राणिशास्त्र शिकली आणि थेट कोकणात जाऊन समुद्रावर संशोधन करायला लागली. तीन वर्षं झाली, वय तिशीच्या पुढं गेलं, आणि नातलगांच्या तोंडाला काम मिळालं. कमरोद्दीनचा साळा मोईन, ज्याचं मासळीचं दुकान होतं, तो तर दर ईदला न चुकता म्हणायचा, "दाजी, पोरीला मासेच मोजायचे व्हते तर माझ्याकडं बसवायची. जायकवाडीचे ताजे असत्यात." सगळे हसायचे. कमरोद्दीनही हसायचा, पण त्या दिवशी त्याला बिर्याणी गोड लागायची नाही.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा शाइस्ता महिनाभर घरी यायची. यंदा आली ती फुललेल्या चेहऱ्यानं. जेवायला बसली आणि आईला म्हणाली, "अम्मी, चहाची गाळणी दे बरं."

शहजादीनं गाळणी दिली. शाइस्तानं ती शोरव्याच्या वाडग्यातून सरळ फिरवली. शोरवा खाली गळून गेला, कोथिंबीर तेवढी गाळणीत राहिली.

"हा झाला मांटा," ती म्हणाली. "पाकट माशातला सगळ्यात मोठा, आपल्या या खोलीयेवढा रुंद. पण चावणं नाय, धरणं नाय. नुसतं तोंड उघडं टाकून पोहायचं. पाणी तोंडातून आत, कल्ल्यांतून बाहेर, आन् मधी ही गाळणी. समुद्रातले डोळ्याला दिसणार नाहीत असले बारीक जीव गाळून खातो. तोंडाशी दोन पंखे असतात, एरवी शिंगासारखे गुंडाळलेले. जेवायला लागला की ते उघडून पाणी तोंडात ढकलतो."

तिनं फोनवर व्हिडिओ लावला. हिरव्या पाण्यात काळी-पांढरी प्रचंड जनावरं एकामागं एक चालली होती. पुढच्याच्या शेपटीला मागच्याचं तोंड, त्याच्यामागं तिसरं, चौथं. मधेच एखादं जागच्या जागी कोलांटी मारायचं आणि पुन्हा रांगेत यायचं.

"अरे, ही तर पंगत हाय," कमरोद्दीन म्हणाला.

"पंगतच अब्बा! चारा दाट असला तरच बसते. एरवी हे कुठं हिंडत असतात ते अल्लाला ठाऊक. एवढ्या मोठ्या समुद्रात त्यांना राखणार कोण? पण चारा दाट झाला की सगळे त्याच जागी, त्याच दिवसांत येतात. मंग तेवढीच जागा आन् तेवढेच दिवस जाळी बंद ठेवली तर सगळे वाचले. तीन वर्षं मी एवढंच बघितलं, ते काय खातात, कधी खातात आन् कुठं खातात."

"आन् ती जागा भलत्याला कळली तर?" शहजादीनं विचारलं. तिला घरात नेहमी नेमका प्रश्न सुचायचा आणि नेहमी कुणीतरी तो ऐकून सोडून द्यायचं.

"तर एका फेरीत सगळे जातील," शाइस्ता म्हणाली. "जेवताना त्यांना बाकीचं भान नसतं. होडीच्या खालून तोंड उघडून जातात. आन् ही गाळणी हाय ना, ती वाळवून परदेशात औषध म्हणून विकत्यात. ज्याच्यानं खातात त्याच्याचसाठी मरतात. मादीला तीन-चार वर्षांत एक पिल्लू होतं. गेले ते गेले."

मग तिनं आवाज खाली आणून सांगितलं. जोगणीचा खडक. कार्तिकी पौर्णिमेच्या आगंमागं. ओहोटी लागली आणि खडकाच्या दक्षिणेला पाणी ताकासारखं गढूळ झालं की समजायचं, पंगत बसली. यंदाचा एक हंगाम तेवढा टिपायचा होता. तो झाला की तिचा प्रस्ताव पुरा होणार होता आणि तिथं जाळ्यांना बंदी येणार होती. "तवर कुणाला सांगू नका, अब्बा," ती म्हणाली. "आधीच एका मोठ्या सरांनी माझे फोटो त्यांच्या नावावर छापलेत."

कमरोद्दीननं मान डोलावली. लेकीनं सांगितलेलं सगळं त्यानं ऐकलं, पण त्याच्या मनात रुतलं ते शेवटचं वाक्य.

पुढचे आठ दिवस तो त्या मोठ्या सरावरच जळत राहिला. वाचनालयवाला मास्तर त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. आपल्या पोरीनं तीन वर्षं खारं पाणी प्यावं आणि फेटा दुसऱ्याच्या डोक्यावर चढावा? शेवटी तो काकासाहेबांकडं गेला. काकासाहेब म्हणजे शहर गुणगौरव समितीचे अध्यक्ष, कमरोद्दीनचं जुनं गिऱ्हाईक. त्यांना सत्काराला माणसं कमीच पडत होती. "अहो, घरची लेक अन् आम्हाला पत्ता नाय?" असं म्हणून त्यांनी दसऱ्याआधीची तारीखच देऊन टाकली.

शाइस्ता आधी नाहीच म्हणाली. मग तिनं बापाचं तोंड पाहिलं. "बरं. पण नुसतं 'समुद्री जीवांच्या अभ्यासक' एवढंच लिहा हं, अब्बा."

"तेवढंच लिहितो," कमरोद्दीन म्हणाला, आणि तेव्हा तो खोटं बोलत नव्हता. पण दुसऱ्या दिवशी दुकानात कागद पुढ्यात घेतला आणि ते एवढंसं वाक्य त्याला उघडंबोडकं दिसायला लागलं. असलं वाक्य तर तो गल्लीतल्या कुणालाही देत आला होता. त्यानं पोरीची भीती आठवून पाहिली. जाळ्यांची भीती ना? पण जाळी तिकडं कोकणात, आणि वाचायचं इथं. मधे घाट, साखरेचे कारखाने, अख्खा महाराष्ट्र. सभागृहात बसणाऱ्यांपैकी कुणाकडं होडी होती? बहुतेकांनी समुद्र पाहिला होता तो लग्नानंतर एकदा. त्याला वाटलं, धोका होता तो त्या फोटोचोराचा, आणि चोराला एकच औषध, चारचौघांत नाव. लेकीवरच्या मायेनं माणूस किती सरळ चालत खड्ड्यात जातो ते पाहायचं असेल तर त्या दुपारी कमरोद्दीनकडं पाहायला हवं होतं.

कार्यक्रम दणक्यात झाला. मोईन पहिल्या रांगेत बसला होता. मागच्या फलकावर 'शाल व सन्मानचिन्ह सौजन्य' म्हणून कमरोद्दीनच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर होता. मानपत्र वाचायला काकासाहेबांनी बापालाच उभं केलं. त्याचा आवाज सुरुवातीला कापला, मग लागला.

"...ज्या कन्येने जोगणीच्या खडकाच्या दक्षिणेस, कार्तिकी पौर्णिमेच्या ओहोटीस, जल ताकासमान होताच मांटा मत्स्यांची पंगत बसते हे जगात सर्वप्रथम आपल्या डोळ्यांनी पाहिले..."

टाळ्या पडल्या. कमरोद्दीननं कागदावरून मान वर केली. शाइस्ता खांद्यावरची शाल दोन्ही हातांनी आवळून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. त्याला वाटलं, पोरीला गहिवरून आलंय.

बाहेर रिक्षात बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "अब्बा, हे कुणी शूट केलं का?"

शूट तर सगळ्यांनीच केलं होतं. सकाळी वार्ताहर अतुलनं मानपत्र शब्दन् शब्द छापलं, कारण आयता मजकूर त्याला नेहमीच प्यारा. एका स्थानिक यूट्यूब चॅनेलनं बाप मानपत्र वाचत असल्याचा व्हिडिओ टाकला, त्याला शाइस्ताच्या पंगतीचं चित्रण जोडलं, जे मोईनच्या फोनवर होतं, कारण मामानं मोठ्या कौतुकानं मागितलं होतं आणि शहजादीनं दिलं होतं. 'मराठवाड्याच्या लेकीची समुद्रात कमाल.' दोन दिवसांत तो व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. शाइस्ता चॅनेलवाल्याच्या दारात जाऊन उभी राहिली. तो म्हणाला, "मॅडम, पयल्यांदा आपल्या गावाचं काहीतरी चांगलं चाललंय, अन् तुम्ही काढा म्हणता?"

घरी येऊन तिनं बापाला सगळं पुन्हा, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. ती चिडली असती तर कमरोद्दीनला बरं वाटलं असतं. "पर बेटा, हितं कोण..." असं म्हणत त्यानं खाली पाहिलं. त्याच्या हातात फोन होता आणि त्यावर व्हिडिओच्या खाली कुणीतरी विचारलं होतं, पौर्णिमेच्या आधी की नंतर?

शाइस्ता दुसऱ्याच दिवशी कोकणात गेली. तिनं अधिकाऱ्यांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण गस्तीची बोट एक आणि किनारा केवढा! खडकावर जायला कुणालाच मनाई नव्हती, कारण मनाईचा प्रस्ताव तिचाच, आणि तो अजून अर्धा होता. ती भाड्याची होडी घेऊन स्वतः खडकाशी जाऊन बसायची. पण एक बाई आणि एक होडी, ती कुणाकुणाला अडवणार?

कार्तिकी पौर्णिमेनंतर तिचा फोन आला. शहजादीनं घेतला, ऐकला, आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "पंगत उठली."

ओहोटी लागली, पाणी ताकासारखं झालं, मांटा आले. शिंगं उलगडून, तोंडं उघडून एकामागं एक आले, आणि तीन बाजूंनी आधीच जाळी लावलेली होती. मांटा धरायला तशी कायद्यानं बंदी होती, पण धरलेच कुठं? चुकून जाळ्यात आले. धक्क्यावर उलथे टाकलेल्या माशांच्या पोटावरचे ठिपके बघून शाइस्तानं एकेक ओळखला. प्रत्येकाच्या पोटावरची नक्षी वेगळी असते आणि ती तिला पाठ होती. दोन माद्या गाभण होत्या. त्यांच्यावर सुरी चालवणारा माणूस तिला ओळखून म्हणाला, "ताई, तुमचा व्हिडिओ बघितला. मस्त होता." त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, आणि तेच तिला सोसवेना.

ती घरी आली तेव्हा थंडी पडली होती. बापाशी ती नीट बोलायची, जेवायची, दुकानात येऊन शालींच्या घड्या घालायची. कमरोद्दीनला वाटायचं, हिनं एकदा तोंड सोडावं, दोन ताटं आपटावीत. पण तिनं त्याला तेवढीही शिक्षा दिली नाही.

एके दिवशी ती म्हणाली, "अब्बा, एक राहिलीय."

"कोण?"

"एक मादी. तिकडनं निघायच्या आधी मी शेवटचं पाण्यात उतरले तर एकटीच फिरत व्हती. पंगत नाय, काय नाय. तोंड उघडून आपली गोल गोल." तिनं हातातली शाल घडी घालून ठेवली. "ती हाय असं मी कळवलं तर प्रस्ताव जिता राहील. पर कागद फिरला की खबर फिरते, आन् होड्या जातील. तिथं कायच नाय, नव्हतंच, असं कळवलं तर होड्या जाणार नाहीत. प्रस्ताव बंद व्हईल."

"आन् तुझं काम?"

"तेबी बंद व्हईल." तिनं कोरा कागद त्याच्यापुढं सरकवला. "तुम्ही लिहा. तुमच्या लिहिण्यावर लोकांचा इश्वास बसतो."

कमरोद्दीननं शेकडो मानपत्रं लिहिली होती. पोरीची बदनामी लिहायला त्याला अख्खा दिवस लागला. अभ्यासकाच्या घाईमुळं चूक झाली, नोंदी तपासल्या असता निराधार आढळल्या, जोगणीच्या खडकावर मांटा नियमित चरत असल्याचा कोणताही पुरावा नाही, चरायला आलेला कळप योगायोगानं आला असावा. एकेक वाक्य तो घासूनपुसून लिहीत होता, आणि ते चांगलं उतरलं की त्याला स्वतःचीच किळस यायची. शहजादीनं कागद वाचला आणि परत ठेवला. "बूंद से गई, वो हौद से नहीं आती," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं, पण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अतुलनं कागद वाचून डोकं खाजवलं. "चाचा, सत्काराची बातमी लोक वाचतात. ही कोण वाचणार?" तरी जुन्या ओळखीखातर त्यानं ती आतल्या पानावर, शिकवणीच्या जाहिरातीखाली लावली. कोकणातल्या ओळखीच्या दोघातिघांना शाइस्तानं ती पाठवली. तिच्या कचेरीतून आठवड्यात उत्तर आलं, काम थांबवावं म्हणून. मोईन ईदची वाट न बघता दुकानात येऊन गेला. "दाजी, मी म्हणलो नव्हतो?" कमरोद्दीन त्याला म्हणाला, "व्हय बाबा, तूच खरा."

थोड्याच दिवसांनी दुपारी दुकानातला फोन वाजला. शाइस्ता मागं ट्रॉफ्यांवरची धूळ पुसत होती.

"हॅलो, व्हिडिओत मागं नंबर होता म्हणून केला," पलीकडचा माणूस म्हणाला. आवाज साधा होता, अदबीचा. "मी कोकणातून बोलतोय. माझी होडी आहे. ते मानपत्र वाचलेलं ते तुम्हीच ना? फार सुंदर वाचलंत हो."

कमरोद्दीननं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. "बोला."

"एवढंच विचारायचं होतं. यंदा बांगडा नाही, डिझेल परवडत नाही, पोरांची फी भरायची आहे. खडकावर काही नाही असं आता छापलंय म्हणतात. पण आमच्या तांडेलानं, होडी चालवतो त्यानं, एक बघितली. एकटीच होती. तर ही अशी एकटी आली म्हणजे मागनं बाकीची पंगत येते का? तुमची मुलगी अभ्यास करते, म्हणून विचारलं."

कमरोद्दीनच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. त्यानं शाइस्ताकडं पाठ केली आणि आवाज खाली आणला.

"येते ना! येतेच," तो म्हणाला. "ती म्होरकी असती. चारा हाय का नाय ते बघायला पुढं येती. तिला फिरू द्यायचं, हात लावायचा नाय. दोन वर्षं, तीन वर्षं लागत्यात, पर तिच्या मागं सगळी पंगत येती. तिला धरली की मंग कुणीच येत नाय बगा. माझ्या पोरीचा अभ्यास हाय हा."

शब्द आपोआप येत होते, आयुष्यात कधी आले नव्हते इतक्या सफाईनं. जागा, वेळ, कारण, सगळं चोख बसलं होतं.

"अरेरे," तो माणूस म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलेलं आवाजातून कळत होतं. "हे आधी विचारायला हवं होतं हो. ती काल काढली आम्ही."

कमरोद्दीननं फोन खाली ठेवला. थोडा वेळ तो काउंटरवरची शाल उलगडत बसला, परत तीच घडी घालत बसला.

"कोण व्हतं, अब्बा?" मागून शाइस्तानं विचारलं.

"गिऱ्हाईक," तो म्हणाला. "शालीचा भाव विचारत व्हता."

"मंग? घेणार हाय?"

"बघतो म्हणला."

ती पुन्हा पुसायला लागली. परवा कुणाचीतरी होडी मागून समुद्रावर एक चक्कर टाकून येते, त्या मादीला नुसती लांबून बघून येते, असं ती म्हणत होती. कमरोद्दीन "जा की बेटा" म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारायला उठला.